भिंतीवरील अक्षर

मराठी ख्रिस्ती कवितेची चर्चा आपल्याकडे पुस्तकाच्या पानावर होते. ती ज्या जागेत गायिली जाते त्या जागेकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः उपासनागृहाचा अंतर्भाग ही एक संहिताच असते, आणि जळगाव-धुळ्याकडील मिशनांच्या प्रार्थनामंदिरांत तर हे विधान शब्दशः खरे आहे. तेथे मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काचही नाही. चुना दिलेली भिंत, लाकडी क्रूस, प्रभुभोजनाचे मेज, प्रवचनाचे व्यासपीठ, आणि त्यामागे रंगाने रेखलेले एखादे शास्त्रवचन. खेड्यांत बाकांऐवजी सतरंजी अंथरलेली असते; चपला दाराबाहेर, स्त्रिया एका बाजूस, पुरुष दुसऱ्या, कोपऱ्यात पेटी आणि ढोलकी.

पश्चिम खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशनने जी परंपरा आणली तिला प्रतिमेविषयी मूलतःच संशय होता. पण प्रतिमा नाकारली म्हणून तिची जागा रिकामी राहत नाही. ती जागा अक्षराने घेतली. नुकत्याच साक्षर झालेल्या, किंवा मुळीच न झालेल्या माणसासमोर ते वचन वाचण्याची गोष्ट असण्याआधी पाहण्याची गोष्ट असते. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संकेतचिन्हच प्रतिमाचिन्हाचे काम करू लागते.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेतो. आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्यात बर्ट येथे लियम मॅकॉर्मिक या वास्तुकाराने १९६७मध्ये पूर्ण केलेले सेंट एंगस चर्च वर्तुळाकार आहे. जवळच्या टेकडीवरील ग्रीनान ऑफ एलाख या प्राचीन दगडी गढीचा आकार त्याने उचलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकांच्या प्रत्यक्ष सहभागावर भर दिला होता. ती दृष्टी येथे गावाच्या डोळ्यांसमोर सदैव असलेल्या आकारात उतरली. एका समाजाची स्थलस्मृतीच उपासनेचे प्रतीक झाली.

आपल्याकडे असे का घडले नाही? घडवू पाहणारा एक माणूस होता. गोव्यात जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून साडी नेसलेली मरिया रंगवीत राहिले. गोव्यात त्यांच्या वाट्याला विरोध आला. महाराष्ट्रातील सामान्य मंडळ्यांच्या भिंतींपर्यंत त्यांची चित्रे पोचली नाहीत, ही मला आपल्या सांस्कृतिक इतिहासातील मोठी हानी वाटते.

देशीकरण झाले ते शब्दात. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाचा साचा ख्रिस्ती भक्तीसाठी वापरला, आणि ‘उपासना संगीता’तून त्यांची पदे गावोगावच्या सतरंजीवर पोचली. त्या उघड्या भिंतीसमोर टाळ-ढोलकीच्या साथीने ऐकल्यावर टिळकांच्या कवितेतील प्रतिमांचे वजन एकदम वेगळे जाणवते. कारण डोळ्यांना जे नाकारलेले असते ते सगळे या कवितेला पुरवावे लागते. पाठ्यपुस्तकात वाचताना तिच्यावरचा हा भार दिसत नाही, आणि मग आपण तिला भाबडी म्हणून मोकळे होतो.

मात्र ‘देशी’ हा शब्द खानदेशात आल्यावर अडखळतो. सतरंजीवर बसलेली बाई घरी अहिराणी बोलते. नवापूरकडे ती मावची किंवा भिल्ली बोलते. भिंतीवरचे वचन प्रमाण मराठीत आहे, टिळकांचे पदही प्रमाण मराठीतच. पुण्या-नगरच्या वाचकाला जे घरचे वाटते ते येथे शाळेचे, कचेरीचे, वरून आलेले असते. आणि कदाचित या अंतरामुळेच त्याला पावित्र्य लाभते. पंडिता रमाबाईंना हा प्रश्न निराळ्या रूपात जाणवला होता. साध्या बाईला कळेल असे बायबल मराठीत आणण्यासाठी त्या मूळ भाषा शिकल्या आणि संस्कृतप्रचुर शब्द टाळीत गेल्या. त्यांच्या निधनानंतर, १९२४मध्ये, ते भाषांतर छापून झाले. पण उपासनेत रूढ झाले ते दुसरेच.

गाणी मात्र भिंतीइतकी कडक नाहीत. मराठी पदांबरोबर बोलीतील गीतेही ढोलकीवर म्हटली जातात, आणि त्या वेळी सतरंजीवरची हालचाल बदलते. अहिराणीत रंगवलेले वचन मी अजून कोणत्याही भिंतीवर पाहिलेले नाही.