कवठे महांकाळचे प्रकट वाचन

मिरजेहून पंढरपूरकडे निघालेली गाडी शहराची गर्दी मागे टाकते आणि खिडकीबाहेरची हिरवाई हळूहळू विरळ होऊ लागते. आरग, बेळंकी, सलगरे अशी स्थानके एकामागून एक येतात. या नावांच्या पाट्या पाहिल्या, की जणू बालवाचनाचे पुस्तकच रुळालगत उभे केले आहे असे वाटावे. ‘आरग’मध्ये नुसती अक्षरे. ‘सलगरे’त शेवटी एक मात्रा. ‘बेळंकी’त मात्रा, अनुस्वार आणि वेलांटी तिन्ही एकत्र. त्यानंतर येते कवठे महांकाळ. गाडी येथे फार वेळ थांबत नाही. खिडकीत बसलेल्या मुलाला ही पाटी गाडी सुटण्याआधी वाचून झाली तर त्याला वाचता येते असे म्हणावे. अर्धी राहिली तर अजून सराव हवा.

हा लोहमार्ग एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग होता. 1927 साली तो मिरजेपर्यंत आला आणि एका टोकाला मिरज, दुसऱ्या टोकाला लातूर, मध्ये पंढरपूर व कुर्डुवाडी अशी दुष्काळी मुलखाची एक साखळी तयार झाली. आज त्याच वाटेने रुंद रूळ गेले आहेत. महांकाली देवीवरून नाव पडलेले हे तालुक्याचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात वसले आहे. अग्रणी नदी तालुक्यातून वाहते खरी, परंतु पिढ्यानपिढ्या तिने पावसाळ्यापुरतीच सोबत केली. म्हैसाळजवळ कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून इकडे आणले गेले, तेव्हा कोठे द्राक्षबागांनी मूळ धरले आणि बेदाण्याच्या शेडमध्ये सुगीच्या दिवसांत घडांचे थर पसरू लागले. तासगाव आणि सांगलीच्या बाजारात बेदाण्याचा सौदा करणाऱ्या घरांना ही नावे नवी नाहीत.

परंतु कालवा गावाच्या शिवेवर आला म्हणजे वेलीच्या मुळाशी पाणी पोहोचले, असे होत नाही. या तालुक्यातील शेतकरी ते पुरते ओळखून आहे. म्हणून तर त्याने ठिबकच्या नळ्या अंथरल्या. शाळांच्या बाबतीत हीच गोष्ट उमजायला मात्र उशीर लागला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, त्या काळी चिंता होती ती खेड्यातील मूल शाळेपर्यंत कसे येईल याची. आज बहुतेक मुले शाळेत येतात. चिंता एक पायरी पुढे सरकली आहे: समोरचा छापील मजकूर त्या मुलापर्यंत पोहोचतो का?

तिसरीच्या वर्गातील एखादे मूल धडा वाचू लागते. ‘सू...र्य... उ...ग...व...ला.’ प्रत्येक अक्षर बरोबर असते, पण वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. काय वाचलेस असे विचारले, तर ते गप्प होते. हा आळस नव्हे आणि मंदपणाही नव्हे. त्याची सारी शक्ती अक्षरे जुळवण्यातच खर्च होते; अर्थासाठी काही उरत नाही. देवनागरीच्या काही अडचणी तर मोठ्यांच्या ध्यानातही येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, तोंडातून मात्र ती नंतर निघते. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘तऱ्हा’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेगळी रूपे घेतो. हे सर्व नजरेत बसायला सराव लागतो. दुकानातला जुना मुनीम आकड्यांच्या रांगेवरून नजर फिरवता फिरवता बेरीज सांगे. नवशिका प्रत्येक आकड्यावर बोट ठेवी. अस्खलित वाचनाचेही तसेच आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे जे सॅम्युएल्स यांनी 1979 साली यावर एक साधा उपाय मांडला. मुलाला रोज नवा उतारा न देता एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायला द्यावा. गती आणि अचूकता ठरलेल्या पातळीवर आली की पुढचा उतारा घ्यावा. जैन परंपरेच्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत वाचना आहे, पृच्छना आहे आणि शुद्ध उच्चाराने पुन्हा पुन्हा म्हणण्याचा आम्नायही आहे. भारत सरकारने 5 जुलै 2021 रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असे उद्दिष्ट आहे. ‘अर्थासह’ हा शब्द तेथे महत्त्वाचा. नुसती घाई शिकवणे सोपे असते.

2015 नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या वाऱ्याने राज्यातील असंख्य जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब आणि मोठे दूरदर्शन संच आले. गावांनी यात्रेच्या वर्गणीइतक्याच हौसेने पैसे दिले. यातील काही संच वीजबिल थकले म्हणून कपाटात गेले, काही नुसतेच गाणी वाजवत राहिले. हलत्या चित्रांची कविता पाहून मुले ती तोंडपाठ म्हणतात आणि पाहुण्यांना वाटते की मुले वाचू लागली. ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवले, की खरे काय ते कळते. यंत्र जेव्हा मुलाच्या वतीने वाचते तेव्हा मूल श्रोता होते, वाचक नव्हे.

उलट, शिक्षकाच्या खिशातील साधा मोबाइल पुष्कळ मोठे काम करू शकतो. सोमवारी मुलाने एक उतारा वाचावा आणि तो ध्वनिमुद्रित करावा. आठवडाभर तोच उतारा जोडीदाराबरोबर वाचावा. शनिवारी पुन्हा मुद्रण करून दोन्ही त्याला ऐकवावे. सोमवारचा आपलाच अडखळणारा आवाज ऐकून मूल प्रथम लाजते, नंतर हसते आणि ‘पुन्हा एकदा घ्या’ म्हणते. शाबासकीने जे साधत नाही ते येथे साधते, कारण आपली प्रगती त्याने आपल्याच कानांनी ऐकलेली असते. या पद्धतीला जास्तीचा खर्च लागत नाही; लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि बहुवर्ग शाळेत नेमकी त्याचीच टंचाई.

तेथे ऐकणारे यंत्र मदतीला येते. गुगलने 2019 साली भारतात ‘बोलो’ नावाचे वाचनाचे अ‍ॅप आणले. 2020 मध्ये ते ‘रीड अलाँग’ या नावाने मराठीतही आले. मुलाने गोष्ट मोठ्याने वाचायची, यंत्राने ऐकायचे आणि अडेल तेथे शब्द उच्चारून दाखवायचा, अशी त्याची रीत. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटवर्क नसले तरी चालते, ही कवठे महांकाळसारख्या भागात मोठी सोय. मात्र इकडचे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. ती त्याच्या घरची बोली आहे, चूक नव्हे. यंत्राला हा भेद कळेलच असे नाही. शेजारी बसलेल्या बाईंना तो कळतो.

याच लोहमार्गाने पुढे गेले की कुर्डुवाडी येते. ते माढा तालुक्यात. या तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले; पुढे ‘बालभारती’च्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली, हे सर्वश्रुत आहे. मुलांची घरची भाषा कानडी आहे हे ओळखून त्यांनी ती शिकून घेतली, या गोष्टीची तितकी चर्चा झाली नाही. खरे तर कोडाच्याही आधीचे पाऊल तेच.

घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी, हा पेच कवठे महांकाळलाही परका नाही. येथून कर्नाटकाची सीमा दूर नाही. शिवाय खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळ या तालुक्यांतील गलाई व्यवसाय करणारी कुटुंबे सोने-चांदी आटवण्याच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. सराफी पेढ्यांना त्यांचा परिचय आहेच. त्यांची मुले तमिळ, तेलुगू किंवा इंग्रजी शाळांत शिकतात. मे महिन्यात ती गावी येतात तेव्हा आजीशी मराठीत भांडतात, पण एसटीची पाटी, लग्नपत्रिका आणि शेताचा सातबारा त्यांना वाचता येत नाही. व्यापारी जैन घरांतील स्थिती तरी याहून किती निराळी? घरात गुजराती, मारवाडी किंवा कानडी, पेढीवर मराठी, शाळेत इंग्रजी; गिऱ्हाइकाने मराठीत लिहून आणलेली यादी वाचायला गादीवरचा पदवीधर मुलगा नोकराला हाक मारतो. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. दुसरीचे पुस्तक, एक फोन आणि रोजची दहा मिनिटे एवढ्यावर अशा घरात आरंभ होऊ शकतो, अट इतकीच की फोन ऐकत असताना कोणीतरी मोठे माणूसही ऐकत असावे.

ते माणूस मिळणेच अवघड झाले आहे. सांगली जिल्ह्यातीलच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने 15 ऑगस्ट 2022 पासून एक नियम घालून घेतला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन व मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला, वाचनाला बसतात. एकीकडे शाळेत पडदा आणायचा आणि दुसरीकडे घरात तो विझवायचा, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु ठिबकलाही तोटी असतेच; ती कधी उघडायची आणि कधी मिटायची हे ज्याला कळले त्याची बाग टिकते.

संध्याकाळची गाडी कवठे महांकाळला टेकते. डब्यात सुटीहून परतणारे एक कुटुंब असावे, खिडकीशी दोन मुले. धाकटे ‘कवठे’पर्यंत येते आणि अडते, थोरली त्याला ‘महांकाळ’ सांगून टाकत नाही, पाटीवर बोट दाखवून थांबते. गाडी हलते. पुढे लंगरपेठ, मग ढालगाव. तोवर बाहेर अंधार पडतो, पाट्या दिसेनाशा होतात आणि दोघेही पुन्हा आईचा फोन मागू लागतात.