सही जुळत नाही

बँकेत गेली बावीस वर्षं मी लोकांच्या सह्या जुळवतो आहे. एक डोळा चेकवर, दुसरा नमुन्याच्या सहीवर. बी.कॉम.ला हे शिकवलेलं नव्हतं. पण दगडातली झाडं ओळखणारे विद्वान हेच काम करतात, फक्त त्यांचा खातेदार काही कोटी वर्षांपूर्वीच वारलेला असतो, हे मला भाऊजींमुळे कळलं.

भाऊजी पोस्टातून रिटायर झाले आणि पहिले सहा महिने त्यांनी ताईला स्वयंपाक शिकवला. मग ताईनेच त्यांना मोकळ्या हवेचे फायदे समजावून घराबाहेर काढलं. दर रविवारी ते पौडवरून मुळशीला जाऊ लागले. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलेलं असताना ते एक दगड घेऊन आले. त्यावर काळीभोर, नाजूक नेच्याची फांदी! ताईनेसुद्धा तो हात पुसून हातात घेतला.

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा नेचा आहे," भाऊजी म्हणाले. नव्या जातीला कधीकधी शोधणाऱ्याचं नाव देतात, हेही त्यांनी वाचून ठेवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावांवर शिक्के मारलेला माणूस. त्यांचं स्वतःचं नाव छापून आलं होतं ते एकदाच, लग्नपत्रिकेत. आणि तिथेही वेलांटी चुकली होती.

आम्ही वनस्पतिशास्त्राच्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं. काउंटरच्या पलीकडे उभं राहणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

"मधली शीर कुठे आहे?" प्राध्यापक म्हणाले. "नेच्याची पानं देठाला ठरावीक पद्धतीने लागतात, त्यांत शिरा असतात. इथे नुसते फाटे, आणि तेही सगळे या भेगेच्या कडेपासून निघालेले."

दगडाच्या भेगेत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज आणि लोह मागे राहतं आणि त्याला असे फाटे फुटतात. झाडाचा काही संबंध नाही. म्हणजे सही झोकदार, पण खातंच उघडलेलं नाही!

शिवाय मुळशीचा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात नेचा शोधणं म्हणजे फोडणीत टाकलेला कढीलिंब हिरवागार परत मागण्यासारखं. पण लाव्हाही अधूनमधून रजेवर जात असे. त्या मधल्या काळात तळी साचत, गाळात पानं-फळं पडत आणि मग वरून पुढचा लाव्हा येई. नागपूरजवळ टाकळीला अशाच थरात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याला दगड झालेली फळं आणि बिया सापडल्या. नोकरी धर्मप्रसाराची, हौस दगडांची. नागपूरच्या भूगर्भावर त्याने आपल्या सोबत्याबरोबर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनला छापून आला. १८६३ मध्ये बिचारा पुरात बुडाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं.

प्राध्यापक आता रंगात आले होते. दगडातलं झाड म्हणे अख्खं सापडत नाही. पान इथे, मूळ तिथे, बी तिसरीकडे. म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव देतात. जिभेच्या आकाराच्या एका पानाला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात आणि त्याच झाडाच्या मुळाला व्हर्टिब्रेरिया. एका इसमाची दोन नावांनी दोन खाती! आमच्याकडे असं कोणी केलं तर चौकशी लागते.

भाऊजी काही बोलत नव्हते. प्राध्यापकांनी दगड उलटा केला. मागे भाऊजींनी चिठ्ठी डकवली होती: गाव, तालुका, ओढ्यापासून किती पावलं, कातळाची कुठली बाजू, तारीख, वेळ. पिनकोडसुद्धा होता.

"हे कोणी लिहिलं?" प्राध्यापकांनी विचारलं. "हौशी माणसं माझ्याकडे पिशव्या भरभरून दगड आणतात. कुठे मिळाला म्हटलं की, 'कोकणात'! ठिकाण माहीत नसेल तर चांगल्या नमुन्याचंही मी काय करू?"

"बेवारस टपाल," भाऊजी म्हणाले.

"अगदी!"

सही न जुळलेल्या गिऱ्हाइकाला समजावण्याची दोन-तीन वाक्यं माझ्याकडे तयार असतात. रिक्षात मी त्यांतलं सर्वांत मऊ वाक्य निवडत होतो. घरी आल्यावर भाऊजींनी चष्मा लावला, चिठ्ठीवरचा 'नेचा' खोडला, वर सुवाच्य अक्षरात 'मँगनीज' लिहिलं, बाजूला बारीक सही केली आणि दगड ताईच्या चिनीमातीच्या कपांशेजारी काचेच्या कपाटात ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नागपूरला जायचं तर तुझी किती रजा शिल्लक आहे?"