प्रोसिडिंग आधी वाचायला लाव

शहादा,
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. पोरी,

तुझा निरोप मी मोबाइलवर तीनदा ऐकला. पहिल्यांदा काहीच कळलं नाही, मागं पाऊस आणि धाकटीचा भोंगा. दुसऱ्यांदा कळलं की पालकसभेत हात वर करून मोजणी झाली आणि ११ विरुद्ध ७ अशी तू शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालीस. मी उठून देवापुढं साखर ठेवली. घरात पेढा नव्हता, आणि या गुडघ्यांनी पावसात चौकापर्यंत कोण जाणार! तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ते वाक्य कानात शिरलं. "गुरुजींनी रजिस्टर घरी पाठवलं होतं बाई, मी सही करून दिली."

साखर तशीच राहिली, मुंग्यांनी नेली.

तू विचारलं होतंस वेगळंच. सभेत अध्यक्षानं आधी बोलायचं की शेवटी? अगं, केव्हाही बोल. तिसरीत होतीस तेव्हा कुणाला विचारून बोलायचीस? तपासणीला आलेल्या साहेबांना "तुमच्या बुटाला शेण लागलंय" म्हणणारी तू. पण त्या सहीचं काय? पानावर काय लिहिलं होतं ते वाचलंस का? की पान कोरंच होतं? हे तू सांगितलं नाहीस.

तुमच्या गुरुजींवर माझा राग नाही. कसा असेल? मी तेच केलंय. तेव्हा समितीचं नाव ग्राम शिक्षण समिती होतं. सभा कागदावर तरी व्हावीच लागे. शनिवारी शाळा सुटली की मी खोलीवर बसून प्रोसिडिंग लिहायची. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." वाचलं कुणी? "सर्वानुमते ठरले." सर्व होते कुठं? निम्मे शेतात, निम्मे गुजरातला उसावर. मग शाईचं पॅड पिशवीत टाकून पाड्यावर फिरायचं. तुझ्या आईचा अंगठा मी स्वतः धरून उमटवलाय, चुलीपुढं. तिचे हात पिठाचे होते. पीठ शाईत कालवलं, रेषा उठल्याच नाहीत, कागदावर नुसता जांभळा डाग. मी म्हटलं, चालतंय. ती म्हणाली, "बाई, कशावर?" मी म्हटलं, शाळेच्या कामाचं आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही, मला भाकर वाढली. ती मी खाल्ली सुद्धा.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईला तर नाहीच, आणि आता सांगायला ती नाही.

पुढं २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला, १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आणि आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. कलम २१. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक नुसता सदस्य-सचिव. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, आलेला पैसा कुठं गेला ते समितीनं बघायचं. बशीतला चहा फुंकत मी मनात म्हटलं, म्हणजे पाड्यावरची बाई माझी साहेब! तेव्हा हसू आलं होतं. माझे वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. त्या काळी सगळा कारभार पश्चिम खानदेशाचं स्कूल बोर्ड बघायचं, ते धुळ्याला. पाड्यावरच्या माणसाला त्याची पायरीसुद्धा दिसायची नाही. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, कचेरी जवळ आली. तरी शाळेला जाब विचारू शकणारं माणूस खुद्द पाड्यावर, कडेवर मूल घेऊन बसलेलं, ते तुझ्या रूपानं मी आत्ता बघतेय. आणि ते माणूस न वाचता सही करतं!

तेव्हा माझा हेका ऐक. सभा संपल्यावर गुरुजींनी सतरंजीवर बसूनच प्रोसिडिंग लिहायचं. घरी न्यायचं नाही. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. मग तू ते पावरी बोलीत सांगायचं, प्रत्येक ठराव, आकड्यासकट. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं "कळलं" म्हटलं की मग सह्या आणि अंगठे. मुलांना शक्यतो त्यांच्या मातृभाषेत शिकवावं असं त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. मग त्यांच्या आईबापांना ठराव का नाही कळू द्यायचा त्यांच्या भाषेत? २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा साक्षरतेत राज्यात शेवटचा, ६४.३८ टक्के. लोक हा आकडा तोंडावर मारतात, की या लोकांना काय वाचून दाखवायचं! अगं, ज्याला वाचता येत नाही त्यालाच तर वाचून दाखवायचं. वाचता येणाऱ्याला चष्मा आहे.

आणि आपल्या माणसांना शाळा चालवता येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला नर्मदेकाठी पाठव. सरकारी शाळा कागदावर होत्या, मास्तर फिरकत नव्हते, तेव्हा धरणाविरुद्ध लढणाऱ्या माणसांनी चिमलखेडीसारख्या गावात स्वतःच्या जीवनशाळा उभ्या केल्या. मास्तर गावचीच पोरं, सुरुवात घरच्या बोलीतून. त्यांना कोणत्या साहेबानं प्रशिक्षण दिलं होतं?

वाचायचं काय, असं म्हणशील. पैसा वाच. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेचं वर्षाचं अनुदान २५ हजारांच्या घरात असतं. खडू, वीजबिल, संडासाचं दार, सगळं त्यातून. किती आले, कशाला गेले, पावती कुठं? मग आहार. पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. ते मोजायला तू काटा घेऊन बसू नकोस, भांडण होईल आणि खिचडी शिजवणारी तुझीच चुलतसासू आहे. पण चव नोंदवही उघड. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत रोज "उत्तम" असतं, एका वहीत तर परवाच्या तारखेचंही उत्तम लिहून ठेवलेलं. तू जा, हातावर घे, खा. अळणी असेल तर अळणी लिही. चुलतसासू चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी मीठ घालेल.

ज्या ७ जणांनी विरुद्ध हात वर केले त्यांच्या घरी आधी जा. आणि हो, त्या बिचाऱ्या गुरुजींना घालून-पाडून बोलू नकोस. दोन शिक्षकी शाळा, त्यातला एक सदा मीटिंगला. माहिती भरता भरता त्यांचा जीव जातो. रजिस्टर घरी पाठवलं ते वाईट हेतूनं असेलच असं नाही. माझा तरी कुठं होता?

पटाचं मात्र डोक्यात ठेव. २०२३ मध्ये पुण्याहून पत्र निघालं होतं, २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचं, आणि त्यात उदाहरण दिलेलं पानशेतचं आणि आपल्या तोरणमाळचं. तोरणमाळला मुलं राहून शिकतात, चांगलंही शिकत असतील. पण सहा वर्षांचं पोर आईपासून डोंगरापलीकडं ठेवायचं हे कुणी ठरवायचं? तुझ्या शाळेचा पट ३४ म्हणालीस. गेल्या दिवाळीनंतर त्यातली १५ आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली. वजाबाकी तूच कर, तुला हातच्याचं गणित मी शिकवलंय. मुलं आजी-आजोबांजवळ ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करायची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती समितीमार्फत चालवायची असते. ठराव दिवाळीआधी झाला पाहिजे, टोळ्या ट्रकमध्ये चढल्यावर नाही. गुरुजींना म्हणावं, प्रस्तावाचा कागद काढा. नाही म्हणाले तर ते "नाही" प्रोसिडिंगमध्ये लिहायला लाव.

हे सगळं लिहितेय खरं, पण तीन रात्री दुसरंच मनात फिरतंय. गेल्या साली तुम्ही दोघंही बारडोलीकडं होता. एका कोयत्याला जोडी लागते, एकट्याला कोण घेतो? या साली टोळीत तुझं नाव आहे का? अध्यक्षच दिवाळी ते होळी फडात असली तर रजिस्टर पुन्हा शाईचं पॅड घेऊन घरोघर फिरणार, आणि मी कुणाला दोष देऊ? जावईबापूंनी मुकादमाकडून उचल घेतलीय का? घेतली असेल तर किती? लपवू नकोस, ओरडणार नाही. माझं पेन्शन एक तारखेला होतं. निरोप पाठव, पण धाकटी झोपल्यावर बोल. आकडा नीट ऐकू आला पाहिजे.

तुझी,
बाई