शेवटून पहिली

मालवणला माणसे किल्ला बघायला जातात, वडे-सागोती खायला जातात, नाहीतर नुसतीच वाळूत पाय खुपसून बसायला जातात. आम्ही उभयता गेली दोन वर्षे डिसेंबरात मालवणला जातो ते मला शर्यतीत शेवटचा नंबर मिळवून देण्यासाठी, असे आमच्या धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे आहे. आईची थट्टा करण्याचा हक्क मुलांना असतोच. पण त्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि उरलेले अर्धे मी घरात कोणालाच सांगितलेले नव्हते.

मी पोहायला शिकले ते वयाच्या ४९व्या वर्षी. गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि डॉक्टर म्हणाले, "चालणं कमी करा, पोहायला लागा." दादरला जन्म काढलेल्या बाईला समुद्र रोज दिसतो, पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असे तिला कधी वाटलेले नसते. तरणतलावाच्या उथळ टोकाला पहिल्या दिवशी माझ्याबरोबर जी विद्यार्थीमंडळी होती, त्यांतले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ इयत्ता तिसरीत होते. कठड्याला धरून पाय मारायचे, हा पहिला धडा. पोरे आठ दिवसांत कठडा सोडून पसार झाली. मी तीन महिने तिथेच होते. पण एके दिवशी पाण्याने मला उचलून धरले, आणि त्या दिवशी घरी येऊन मी विनाकारण श्रीखंड केले.

मला येतो तो ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकाची चाल. आणि तीही दुपारी जेवून सुस्तावलेल्या बेडकाची. एक किलोमीटरला मला तलावात ४६ मिनिटे लागतात. शेजारच्या पट्ट्यातली कॉलेजकन्यका तेवढेच अंतर पंधरा मिनिटांत कापते आणि उरलेल्या वेळात केस वाळवते. अशा बाईने शर्यतीत नाव का घालावे, हा प्रश्न आमच्या ह्यांनी एकदाच विचारला, आणि माझा चेहरा बघून सामान बांधायला घेतले.

मोठ्या माणसांनी पोहण्याच्या शर्यतीत उतरण्यात आता काही नवल राहिलेले नाही. पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडून 'मास्टर्स' नावाने या स्पर्धा जगभर होतात. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोला झाली. शंभरी गाठलेल्यांसाठीही गट असतो आणि तो रिकामा नसतो. मिएको नागाओका या जपानी आजीबाई ऐंशी ओलांडल्यावर पोहायला लागल्या, त्याही गुडघ्यापायीच! २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी १५०० मीटर अंतर उताणे पोहून पुरे केले, १ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत. हे वाचले तेव्हा मला आपण अजून पाळण्यात आहोत असे वाटले. आणि २०१० साली जॅकी कॉबेल नावाच्या ५६ वर्षांच्या इंग्रज बाईने इंग्लिश खाडी पोहून पार केली, २८ तास ४४ मिनिटांत. तिच्या आधी इतक्या सावकाश ती कोणीच पार केलेली नव्हती. सरळ रेषेत चौतीसएक किलोमीटरांची खाडी, पण भरती-ओहोटीने बाईंना असे भरकटवले की पोहणे झाले शंभर किलोमीटरांच्या घरातले. आता मला सांगा, यात जास्त कोण पोहले?

कोकणकन्येने रात्री निघाले की सकाळी कुडाळ येते. तिथून एस.टी.ने मालवण. गाडीच्या खिडकीतून आंब्याकाजूचे डोंगर, लाल माती, चिऱ्याच्या भिंती, मधूनच एखादी व्हाळावरची साकवाची फळी दिसत जाते, आणि मग अचानक हवेला खारट वास येऊ लागतो. गाव तसे दाटीवाटीचे. पण बाजारपेठ मागे टाकून चिवल्याच्या वाटेला लागलात की माडांच्या सावलीतून पायवाटा थेट वाळूत उतरतात. किनारा अर्धवर्तुळाकार, ओंजळ धरावी तसा. दोन्ही बाजूंच्या खडकांमुळे लाटांचा जोर आत येईपर्यंत निम्मा होतो. म्हणूनच डिसेंबरात इथे सागरी जलतरणाच्या शर्यती भरतात. सहा-सात वर्षांच्या चिमुरड्यांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत माणसे येतात. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून, ज्या गावांना समुद्र सोडाच, नदीही धड नाही अशा गावांतूनसुद्धा.

आम्ही एक दिवस आधी पोचलो होतो. ह्यांना किल्ला पाहायचा होता. सिंधुदुर्गावर मी मागेही गेले होते, पण होडीतून त्या तटाकडे बघताना या खेपेस एक गोष्ट मनात आली. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला आणि काम पुरे व्हायला १६६७ उजाडले. तीन वर्षे, भर समुद्रात, पावसाळे धरून. पायात शिसे ओतले. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, चहूकडे खारे पाणी असताना अजून गोड्याच आहेत. हे त्या विहिरीचे पाणी काढून चूळ भरत राहिले आणि मी तटावरून समुद्राकडे पाहत राहिले. उद्या त्यात उतरायचे होते.

संध्याकाळी चिवल्यावर रापण ओढत होते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीतून भले मोठे जाळे अर्धगोलात सोडत नेतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा दोन दोरांना लागतात. म्हातारे, पोरे, बायका, जो हात लावील त्याचा. ह्यांनी उत्साहाने दोराला हिसका दिला, तसा मागचा म्हातारा म्हणाला, "जोर नको, ठेको धरा." कोणी घाई करत नव्हते. पाऊल मागे, दोर हातात, पुन्हा पाऊल मागे. तासाभराने जाळे वाळूला लागले आणि बांगडे उडू लागले. दोराला हात लावल्याबद्दल ह्यांच्याही वाट्याला चार बांगडे आले! ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या वहिनींनी ते रात्री तिरफळ घालून केले. मी दोन घास कमीच खाल्ले. पोटात मागल्या वर्षीची आठवण बसली होती.

मागल्या वर्षी काय झाले ते आमच्या नातेवाइकांत सर्वांना ठाऊक आहे. शर्यत अर्ध्यावर असताना माझ्या पायात गोळा आला आणि मला होडीत घ्यावे लागले. ह्यांनी ही हकीकत इतक्या कळवळ्याने सांगितली की दोन जणांनी मला मालिशचे तेल आणून दिले. ते तेल अजून कपाटात आहे.

गोळा आलेला नव्हता.

झाले होते ते असे. सगळ्यांच्या मागे राहिलेल्या पोहणाऱ्याबरोबर एक होडी असते. पहिल्या बोयापर्यंत ती लांब होती. मग पुढची डोकी दिसेनाशी झाली, आणि होडी माझ्या शेजारी आली. दोन वल्ही, एक माणूस. तो काही बोलला नाही. नुसता माझ्या गतीने वल्हवत राहिला, म्हणजे जवळजवळ थांबूनच राहिला. किनाऱ्यावर भोंग्यातून पुढच्या गटाला बोलावणे चालू होते. मला एकदम वाटले, आपल्या एकटीपायी हा माणूस उन्हात खोळंबला आहे, तिकडे सगळे खोळंबले असतील. दम शिल्लक होता, पाय ठीक होते. मी हात वर केला आणि खोटे बोलले.

आरती साहांनाही १९५९च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीतला पहिला प्रयत्न सोडावा लागला होता. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली स्त्री ठरल्या. ही गोष्ट मी वर्षभर स्वतःला सांगत होते. पण त्या खरोखरीच्या अपयशानंतर उतरल्या होत्या. माझे अपयशदेखील बनावट, हे मला सलत होते.

सकाळी मतलई वारा सुटला होता. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा पहाटवारा अंगावर काटा आणतो, पण पाणी सपाट ठेवतो. दंडावर नंबर लिहून घेतला, टोपी चढवली. माझ्या गटात आम्ही पाच बायका. त्यांतल्या एक सांगलीच्या. त्या म्हणाल्या, "मी नदीत पोहलेय, मला खाऱ्या पाण्याची सवय नाही." आणि भोंगा वाजताच माशासारख्या निघून गेल्या. तलावातल्या माणसाला समुद्राची एक मौज पहिल्यांदा उमगते ती ही, की खारे पाणी जड असते; ते गोड्या पाण्यापेक्षा अंगाला जास्त उचलून धरते. माझ्यासारखीला हे मोठेच अनुदान! पण तलावात भिंत असते, तळाला काळी रेघ असते. इथे काहीच नाही. डोके वर काढून बोया शोधायचा, आणि तो लाटेआड गेला की मनात धरून ठेवायचा.

पहिल्या बोयाला वळले तेव्हा पुढची शेवटची टोपी दूरवर एक ठिपका झाली होती. आणि मग वल्ह्याचा आवाज आला. मागल्या वर्षीचाच माणूस. तसाच काळसर, रुंद खांद्यांचा, डोक्याला पंचा. मी हात मारत राहिले, पण छातीत तेच सुरू झाले. अजून निम्म्याहून जास्त अंतर होते.

"तुम्हांला उगीच ताटकळत ठेवलंय," मी धापा टाकत म्हटले.

"सावकाश येवा, काकी. माका खय घाई असा?"

थोडे अंतर गेले. मग तो पाण्याकडे बघतच म्हणाला, "गेल्या वर्साक तुमच्या पायात गोळो काय इलो नव्हतो."

मला हसू आले आणि तोंडात खारे पाणी गेले. खोकून झाल्यावर विचारले, "तुम्हांला कसं कळलं?"

"गोळो इलेलो माणूस होडयेत चढताना बोंब मारता. तुमी माझी माफी मागलात."

यावर मी काय बोलणार? दोन हात, एक श्वास. दोन हात, एक श्वास. तो म्हणाला, "शेवटच्याक घेवन येवचा, ताच माझा काम. तुमी लवकर पोचलात तर घराक जावन मी काय करू? बायल बाजारात धाडतली."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. दुसरा बोया आला, त्याला मी हात लावला. बेडकाच्या चालीला डोके पाण्यावर असते, त्यामुळे आता समोर सबंध चिवला दिसत होता. माडांची झालर, कौले, पडाव ओढून ठेवलेली वाळू. वरून एक घार तिरकी उतरली आणि काहीतरी उचलून गेली. जे पंधरा मिनिटांत गेले त्यांची तोंडे पाण्यात होती, त्यांना यातले काय दिसले असेल कोण जाणे. म्हाताऱ्याचा ठेका आठवला. जोर नको. पाय जवळ, पाय लांब. दंड भरून आले होते, मान दुखत होती, आणि किनारा मुळीच जवळ येत नव्हता. एकदा तर वाटले की तोच मागे सरकतो आहे. होडीकडे पाहिले. तो बिडी शिलगावत होता. हात वर करावा असे त्या वेळी खरोखरच वाटले, कारण आता मी खरेच थकले होते. पण केला नाही.

वाळू आधी बोटांना लागली. उभी राहू गेले तर मागून आलेल्या लाटेने पाडले. पुन्हा उठले, पुन्हा पडले, आणि शेवटची दहा पावले चक्क रांगत काढली. घड्याळवाल्या मुलीने आकडा सांगितला, १ तास ८ मिनिटे. शेजारी पुढच्या शर्यतीची पोरे टोप्या घालून उभी होती. त्यांतल्या एकाने मोठ्या कुतूहलाने विचारले, "आजी, तुम्ही मघाच्याच शर्यतीत आहात?"

"हो बाळ, मघाच्याच."

हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, तरीही ओले होऊन, पंचा घेऊन उभे होते. "गोळा नाही ना आला?" त्यांनी विचारले. मी वाळूत बसूनच मागल्या वर्षीची खरी हकीकत सांगितली. ते ऐकून घेत पंचाची घडी उलगडत राहिले.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "वर्षभर मी लोकांना सांगत होतो ते..."

"खोटं."

"आणि ते तेल?"

"तुमच्या कंबरेला लावू."

होडीवाल्याला चहा द्यावा म्हणून मी मागे वळले. पण भोंगा वाजला होता, पोरांनी पाण्यात उड्या घेतल्या होत्या. एक जरासा लठ्ठ मुलगा पहिल्या लाटेलाच मागे पडला होता, आणि होडी हळूहळू त्याच्या दिशेने वळत होती.