कापसाची वात

दिवाळी सरली, सोयाबीन घरात आलं, कपाशीची पहिली वेचणी उरकली आणि आम्ही अकरा जणी रात्री दहाला दुसरबीडहून निघालो. लग्नाला नाही, मयतीला नाही, वारीलाही नाही. डोंगर चढायला. "काय हाय तिथं?" असं घरोघरी विचारून झालं होतं. शेजारच्या काकूंनी एकदाच ठणकावून सांगितलं, "बाईचा डोंगर हाय तो."

समृद्धी महामार्ग आमच्या भागातून गेला तेव्हापासून त्यावरच्या गाड्या आम्ही वावरात वाकल्या वाकल्या पाहत आलो. त्या रात्री आम्ही गाडीत होतो आणि अंधारातली वावरं मागं पडत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. घोटीवरून अकोले तालुक्यातल्या बारीला पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. गाव झोपलेलं, आणि गावाच्या डोक्यावर चांदण्या झाकणारं काहीतरी काळं उभं. तेच कळसूबाई. उंची 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही.

बॅटरीच्या उजेडात चढताना मी कळसूची गोष्ट सांगितली. ही कोळ्याची पोर. ज्या घरी कामाला राहिली, तिथं तिनं आधीच बजावलं होतं, मी केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस तिला भांडी घासायला लावलीच. तिनं घासली, आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची.

मागून कुणीतरी विचारलं, "घासून गेली का टाकून गेली?"

"घासून."

"हं." एवढंच. पुढं पुष्कळ वेळ नुसता पावलांचा आणि दमाचा आवाज. त्या "हं"मध्ये काय होतं ते अंधारात चालणाऱ्या अकराही जणींना कळलं होतं.

कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आल्या तेव्हा तांबडं फुटत होतं. काकू माझ्या पुढं होत्या. दवानं गार पडलेल्या कठड्यावर त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा ओरबाडलेल्या, अंगठ्याला काळी चीर पडलेली. दिवसभर बोंडातून कापूस उपसणारी ती बोटं लोखंड असं काही धरत होती की मला माझीच भीती विसरायला झालं. खाली दरी होती. काकूंनी खाली बघितलं नाही, वरही नाही. पुढची पायरी तेवढी बघितली. वेचणीतही त्या अशाच. तास किती उरलं हे कधी मान वर करून बघत नाहीत.

माथ्यावर वारा उभं राहू देईना. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एकामागं एक. काकू पाण्याकडे बघत राहिल्या. "हे जातं कुठं?"

भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेचं. ती टोक्याजवळ गोदावरीला मिळते. आणि आमच्या राहेरीच्या पुलाखालून जाते ती खडकपूर्णा म्हणजे पूर्णाच, ती परभणीच्या अंगाला गोदावरीला मिळते. मी बोटानं हवेत दोन्ही वाटा काढून दाखवल्या.

"म्हणजे आपलं अन् हिचं पाणी एकच?"

"पुढं जाऊन एकच."

काकूंनी मान हलवली. आमच्याकडे ज्येष्ठात विहिरीचा तळ दिसतो. पाण्याचं नातं आम्हांला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

देऊळ इवलंसं, आत तीन-चार बायकाच मावतील. काकूंनी कनवटीची पुरचुंडी सोडली. घरच्या कापसाच्या, स्वतः वळलेल्या पाच वाती, तुपात भिजवलेल्या. गावातून निघाल्यापासून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काडी ओढली की वारा दारातून आत घुसायचा आणि विझवायचा. दुसरी विझली, तिसरी विझली. मग कुणी न सांगता आम्ही दाराशी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो, पाठी वाऱ्याकडे, पदर ताणून धरलेले. पदरांचा फडफडाट थांबला, आत एकदम शांत झालं.

"धरा गं नीट," काकू म्हणाल्या.

चौथ्या काडीला वात धरली.