जुनेर

आत्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. ख्यालीखुशाली झाली, लेकीला सातवा लागल्याचं सांगून झालं, आणि मग ती म्हणाली, "तुह्या मायचं एखादं लुगडं हाय का गं तुह्याकडं? नवं नको. नेसून नेसून मऊ झालेलं दे. दुपटं करते."

होतं. आई गेल्यावर तिच्या कपड्यांतून मी एकच वस्तू मागून आणली होती, तांबड्या पदराचं हिरवं इरकली लुगडं. पांढऱ्या पंचात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ते कपाटाच्या तळाशी ठेवलं होतं. वर्षातून एकदा गच्चीवर ऊन दाखवायचं, घडी मोडून उलटी घालायची आणि परत ठेवून द्यायचं. घडी उलगडली की अजून तिचा वास येतो असं मला वाटतं. बहुतेक तो निंबाचाच असेल. त्या लुगड्याला कात्री लागणार म्हटल्यावर पोटात कालवलं. "बघते," म्हणून मी फोन ठेवला.

जुनेर हा शब्द आता शहरात फारसा कानावर पडत नाही. नेसून विरलेलं, पण टाकवत नाही असं लुगडं म्हणजे जुनेर. आमच्या घरी बाळंतविड्याची तयारी जुनेरापासूनच सुरू व्हायची. डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशोपा यांची यादी नंतर. आधी म्हाताऱ्या बाया एकमेकींना विचारायच्या, जुनेर कुणाकडं आहे? त्यातही जी बाई पुष्कळ जगली, लेकराबाळांत जगली, तिचं असेल तर फार चांगलं. तिचं आयुष्य बाळाला लागावं. ही श्रद्धा कुणाला पटो न पटो, हाताला कळणारी गोष्ट उरतेच. नव्या सुती कापडाला खळ असते, ते ताठ असतं, त्याच्या कडा टोचतात. शेकडो वेळा धोपटून, पिळून, उन्हात वाळून ज्याचं सूत न् सूत सैल झालंय तेच कापड चार दिवसांच्या कातडीला सोसतं. बंगालातल्या बाया जुन्या साड्यांचा कांथा करतात, काठातलाच धागा ओढून काढून त्याने टाके घालतात. बिहारात बाळासाठी सुजनी शिवतात. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदीही जुन्या कपड्यांचीच. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या बायकांना एकच गोष्ट सुचली याचं मला नवल वाटत नाही. बाळाचं अंग सगळीकडे सारखंच कोवळं.

माघात मी लुगडं पिशवीत घालून जिंतूरची एसटी धरली. देईनच असं तेव्हाही ठरलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढणीला आली होती. काही शेतांत ताटं उपटून आडवी पडली होती, काहींत बाया उन्हाकडे पाठ करून कणसं खुडत होत्या. वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्याच होत्या, एखाद्या बोंडात राहिलेला कापूस वाऱ्यावर हलत होता. आत्याचं गाव जिंतूरहून येलदरीच्या रस्त्याला आहे. फाट्यावर उतरलं की पुढे पायीच जायचं.

आत्याने अंगण झाडून-सारवून ठेवलं होतं. तिने लुगडं हातात घेतलं, गालाला लावून पाहिलं आणि मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनातली चलबिचल तिला दिसली असणार, कारण शिवणाचं काही न बोलता तिने एकदम बाहत्तरची गोष्ट काढली.

मी १९७२ ची. त्या वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी शिवारात ज्वारीचं कणीस भरलं नाही. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची, मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो. हे सगळं मी ऐकून होते. आत्याने सांगितलं ते मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. "तू झालीस तवा माह्या मायकडं दोनच लुगडी व्हती. बारशाला द्यावं तर घरात काहीच नाही. मंग तिनं एक फाडलं तुह्यासाठी. दुपटं केलं, टोपडं केलं, उरल्याचे लंगोट केले. पुढं सालभर एकाच लुगड्यावर काढली. अर्धं नेसायची, अर्धं वाळवायची."

पन्नास वर्षं ही गोष्ट नणंद-भावजयींमध्ये, म्हणजे आत्या आणि आईमध्येच राहिली होती. मला ती सांगायची गरज कुणाला वाटली नसेल. मी कात्री शोधायला उठले, तर आत्या म्हणाली, "कात्री कशाला? जुनं कापड फाडावं. सरळ फाटतंय." तिने काठाशी दातांनी एक चीर दिली, दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि ओढल्या. टर्र असा आवाज भिंतीपर्यंत गेला. सुताच्या रेघेत, जरासुद्धा वाकडं न होता, आईचं लुगडं दुभंगलं. मी श्वास रोखून धरला होता हे मला तो आवाज थांबल्यावर कळलं.

मग काम. रिठ्याच्या पाण्यातून काढून वाळवलेले तुकडे अंगणात अंथरले. खाली आस्तर, मध्ये आत्याच्या पांढऱ्या धडप्यांचे दोन थर, वर हिरवं. दीड हात रुंद, दोन हात लांब. चार कोपऱ्यांवर चार गोटे. काठ आणि जरीची किनार आत्याने आधीच फाडून काढली, बाळाच्या गालाला घासेल म्हणून. गाठी सगळ्या पोटात ढकलायच्या, वर एकही नको. पहिला कच्चा धावदोरा घातला आणि गोटे बाजूला केले. त्यानंतर खरी शिवण कडेपासून सुरू होते आणि आत आत येत राहते, एका रांगेपासून दुसरी रांग बोटभर अंतरावर. कापडाचा जो काही फुगा असतो तो प्रत्येक रांगेबरोबर मध्याकडे सरकतो. नवशिकीच्या दुपट्याला त्यामुळे पोटाशी चुणी पडते. आत्या दर चार टाक्यांनी सुई थांबवायची आणि डाव्या तळव्याने कापड निपटायची, भाकरी थापताना कड निपटतात तशी. तिच्या टाक्याची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. माझी गव्हाएवढी. तिने माझ्या दोन रांगा उसवल्या नाहीत, नुसतं म्हणाली, "राहू दे. आजीचा टाका म्हनून ओळखू यील."

पदराच्या अंगाला एका जागी रफू होता. कधीतरी बाभळीच्या काट्याला अडकून फाटलेलं असावं. आईने पिवळ्या दोऱ्याने जाळी विणून ते बुजवलं होतं. हिरवा दोरा तेव्हा हाताशी नसेल. मी म्हटलं, एवढा भाग आत घालू, वरून दिसायला नको. आत्या ऐकेना. तिने तो तुकडा मुद्दाम मध्यावर येईल असा बसवला होता.

आमची शिवण चालू असताना मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कडब्याच्या गंजीवरून दोन जाड ताटं घेऊन ओसरीवर बसले. ज्वारीच्या ताटाची बैलगाडी करायला त्यांना खिळा, डिंक, दोरा काही लागत नाही. नखाने वरची साल उभी सोलायची. ती पात्यासारखी धारदार असते, मामांच्या अंगठ्यावर जुने व्रण आहेत. आतला पांढरा गाभा कापसासारखा हलका. त्याचे तुकडे पाडायचे आणि सालीच्या काड्या टोचून जोडायचे. साल वाकवून चाक, गाभ्याचा तुम्बा, त्यात सालीचेच आरे. कणा, साटा, दांड्या, जू. जुवाला शिवळा पाहिजेतच, त्या त्यांनी डोळ्यांजवळ धरून बसवल्या, अर्ध्या काडीएवढ्या. "बैल सुटंल नाहीतर," असं म्हणाले, अगदी गंभीरपणे. अजून न जन्मलेल्या लेकराला ही गाडी काय कामाची, असं मी विचारलं नाही. आणि रात्री ती दारात राहिली तर सकाळी शेळीने खाल्लेली असते, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. दरवर्षी ज्वारी येते, दरवर्षी नवी गाडी.

दुपारी हात चालू असताना आत्याने जनाबाईची गोष्ट सांगितली. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, गोदेच्या काठचं, जनीचं गाव. पुढे ती पंढरपुरात दामाशेटींच्या, नामदेवांच्या घरी राबली. विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत आला, तिच्याबरोबर दळू लागला आणि तिथेच निजला. पहाटे काकडआरतीची वेळ झाली म्हणून घाईने उठला, तो आपला शेला नि पदक तिथेच विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात गेला. बडव्यांनी पाहिलं तर देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ. चोरीचा आळ जनीवर आला, तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. लोक ही गोष्ट सुळाच्या चमत्कारासाठी सांगतात. आत्या मात्र वाकळीपाशीच थांबते. देवाला जरीच्या शेल्याची काय कमी? थंडीत त्याचा हात वाकळीकडेच गेला. आत्याचा यावर पूर्ण विश्वास आहे, आणि तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवताना माझाही बसला.

थंडी म्हणजे काय हे परभणीकरांना सांगायला नको. हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा उतरला की त्याची बातमी होते. याच थंडीत आई हलवा करायची. काटा फुलायला कोरडा गारठा लागतो. कोळशाची मंद शेगडी, त्यावर परात, परातीत खसखस, नाहीतर साबुदाणा. चमच्या-चमच्याने पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे. तासन् तास. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिने हार, बाजूबंद, बिंदी, नथ सगळं घरी केलं होतं, काळ्या कापडावर टाचून. पुढच्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण येईल तेव्हा मुकुट मी करणार आहे. परात तिचीच आहे.

पण हाताने केलेल्या सगळ्याच गोष्टींवर माझा जीव नाही. रुखवताबद्दल मला राग आहे. लग्नाआधी चार घरच्या बाया दुपारी एकत्र बसून मालत्या, नखुल्या, गव्हले वळत. कणकेची बारीक कणी दोन बोटांत घेऊन फिरवायची, गव्हाच्या दाण्यासारखी टोकदार उतरवायची. ते हात आणि त्या गप्पा मला आजही हव्याशा वाटतात. पुढे त्याचं प्रदर्शन झालं. सुपाऱ्यांची सप्तपदी आणि मोत्यांची तोरणं बाजारात भाड्याने मिळू लागली, आणि ज्यांना भाडं परवडेना त्या घरच्या मुली रात्र रात्र जागून डोळे बिघडवू लागल्या. मांडवात मांडलेल्या रुखवताकडे पाहुणे किती पाट, किती भांडी हे मोजत असतात. तिथे भेट उरत नाही, मुलीच्या बापाची ऐपत मांडलेली असते. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. हौस नि धाक यांच्यामधली भिंत फार पातळ आहे आणि ती नेहमी बायकांच्याच अंगावर पडते. आत्यानेही दुपटी शिवली ती निंदण-खुरपणीवरून आल्यावर, भाकऱ्या टाकून झाल्यावर, चिमणीच्या उजेडात. त्या तासांचा हिशोब कुणी ठेवला नाही. म्हणून तिने आता, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, डोळ्यांना जाड भिंगं लावून, स्वतःहून फोन करून जुनेर मागितलं, तेव्हा नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळच्या एसटीने मी परतले. दुपटं पुरं व्हायचं होतं, ते आत्या करणार होती. आईच्या चोळीचा एक खण लुगड्याच्या घडीतच होता, त्याची कुंची करते म्हणाली, टोकाला गोंडा लावून. मामांनी केलेली गाडी मी मांडीवर धरून आणली. जिंतूरच्या स्टॅंडवर एका लहान पोराची नजर तिच्यावरून हलेना. मी ती त्याला दिली. त्याच्या आईला ती विकत घेतल्यासारखी वाटली असावी, ती पैसे काढायला लागली.

बाळ चैत्रात झालं. बारशाला घर भरलं होतं, पाळण्याभोवती फुगे होते, रंगीत कागदात बांधलेली खोकी कोपऱ्यात रचली होती. आत्या एसटीने आली. पिशवीतून दुपटं काढून तिने पाळण्यात अंथरलं आणि काही न बोलता माझ्या लेकीच्या शेजारी जाऊन बसली. पाळणे म्हणून झाले, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. तासाभरात बाळाने दूध उलटवलं ते नेमकं दुपट्यावर. लेक कावरीबावरी झाली. आत्या हसली, "त्यासाठीच तर हाय ते."

मी ते नळाखाली धुतलं आणि गच्चीवर दोरीला टाकलं. चैत्रातलं ऊन, वारा तापलेला. अर्ध्या तासात वाळलं. काढायला गेले तेव्हा उन्हं कापडाच्या आरपार येत होती, आणि सगळ्या हिरव्यात मध्यावर तेवढी पिवळ्या दोऱ्याची जाळी दिसत होती, एकेक धागा मोजता येईल अशी.