वाळू धरून ठेवणारे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात स्टडलंड नावाचे गाव आहे. गावाच्या उत्तरेला पूर्वेकडे तोंड करून पसरलेला लांब वाळूचा किनारा, त्यामागे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्याही मागे हेदर या खुरट्या झुडपाचा माळ. नॉल बीचपासून निघून माळावरून शेल बेपर्यंत जायचे आणि किनाऱ्याने परत यायचे, असा सात-आठ किलोमीटरचा फेरा होतो. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही तो केला. आम्ही दोघे, दोन मुले आणि रत्नागिरी जिल्ह्यातून आमच्याकडे बर्मिंगहॅमला आलेले अब्बा आणि अम्मी.

"कोकणातल्या माणसांना वाळू दाखवायला एवढ्या लांब आणलंत?" अम्मींनी गाडीतच विचारले.

प्रश्न रास्त होता, पण त्या दिवसांत घरात विषय वाळूचाच चालू होता. गावाकडे किनाऱ्यालगत आमच्या घराण्याची सामाईक जागा आहे. तिच्या पुढ्यात वाळूची टेकडी, तिच्यावर मर्यादवेल आणि केवड्याची बेटे. एका गिऱ्हाईकाने चांगली किंमत देऊ केली होती. अट एकच, घरातून समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट करून द्यायची. चाचांच्या मुलीचे लग्न तोंडावर आलेले. त्यांची निकड खरी होती आणि अब्बांची सही तेवढी बाकी होती.

नॉल बीचवरून आत वळलो आणि दहा मिनिटांत समुद्राचा आवाज मागे राहिला. सगळीकडे हेदर जांभळ्या रंगात फुललेले, मध्ये गॉर्सची पिवळी काटेरी झुडपे. पायाखालची माती करडी, निकस. पावसाने तिच्यातला चुना आणि खत केव्हाच धुऊन नेलेले. अब्बा वाकून पाहत म्हणाले, "हा तर आपला सडाच की!" आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यावरही अशीच नावापुरती माती असते, आणि तरी पावसाळ्यात तो फुलांनी भरून जातो. अशा जमिनीला आपण पडीक म्हणून मोकळे होतो. इथे मात्र ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सहाही जाती राहतात. त्यांतला ॲडर हा विषारी साप. त्याच्यामुळे आणि गोचिडांमुळे आम्ही सगळे लांब पायजमे आणि मोजे घालून होतो.

हा माळ आपोआप झालेला नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने जंगल तोडले, मग गुरे चारली, सरपण कापले, म्हणून झाडे पुन्हा वाढली नाहीत. चराई थांबली की बर्च आणि पाइन उगवतात आणि माळ संपतो. डॉर्सेटमधले असे बहुतेक माळ गेल्या दोन-अडीचशे वर्षांत शेती, जंगललागवड आणि घरांखाली गेले. उरलेले जपण्यासाठी 2020 मध्ये या भागातले अनेक माळ जोडून एक मोठे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र केले गेले.

वाटेत डाव्या हाताला लिटल सी नावाचे गोड्या पाण्याचे तळे लागले. नाव समुद्राचे आणि पाणी गोडे, याचे धाकट्याला मोठे नवल. एके काळी तिथे समुद्रच होता. गेल्या चारेकशे वर्षांत वाळूच्या टेकड्यांच्या ओळी एकीपुढे एक उभ्या राहत गेल्या, त्यांनी समुद्राचे पाणी अडवले आणि मागे पावसाच्या व झऱ्यांच्या पाण्याचे तळे झाले. म्हणजे आम्ही ज्या जमिनीवरून चाललो होतो ती वाळूनेच घडवलेली होती.

ही वाळू धरून ठेवते ते मॅरम नावाचे गवत. वाऱ्याने वाळू अंगावर टाकली की इतर झाडे गुदमरतात. मॅरम तिच्यातूनच वर वाढते आणि खाली मुळांचे जाळे खोल पसरते. पण माणसांच्या पायांना ते फार नाजूक. एकाच जागी तुडवले गेले की गवत मरते, वारा तिथली वाळू उपसू लागतो आणि टेकडीला खिंडार पडते. म्हणून चालणाऱ्यांनी आखलेली वाट सोडायची नसते. धाकट्याला उतारावरून घसरगुंडी करायची होती. अब्बांनी त्याला हाताला धरून बसवले आणि गवताचे मूळ दाखवले. "हे धरून आहे म्हणून तू उभा आहेस," ते म्हणाले. आम्हाला वाटले, ते फक्त नातवाशी बोलत नव्हते.

शेल बेला पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला आणि टेकडीच्या पायथ्याशी, गवत सोडून, सपाट वाळूवर चादर अंथरली. गावाकडे आपला किब्ला पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने. इंग्लंडमध्ये तो आग्नेयेकडे. पण हा किनारा पूर्वेला तोंड करून असल्याने इथेही समोर समुद्रच आला. अम्मींना याचे फार समाधान वाटले. थोरली तेरा वर्षांची. लोक बघतील म्हणून ती घुटमळत होती, पण दादी उभ्या राहिल्या तशी तीही शेजारी उभी राहिली. प्रवासात असल्याने शाफई मसलकप्रमाणे जोहर आणि असर कसर करून एकत्र अदा केली. कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा आमचा सलाम फिरेपर्यंत पट्टा आखडून लांबच थांबला होता.

जेवण घरून आणलेले घावणे आणि खिमा. विस्तव पेटवायचा नाही हे आधीच ठरले होते. कोरड्या हेदरला ठिणगी पुरते. परतीला किनाऱ्याने चाललो. या किनाऱ्याच्या एका पट्ट्यात कपड्यांविना वावरण्याची मुभा आहे आणि तशा पाट्या लावलेल्या आहेत. पाटी दिसताच आम्ही आतल्या हेदरच्या वाटेला लागलो. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावे.

त्याच वाटेवर अब्बांनी विषय काढला. "आपली मर्यादवेल हेच काम करते. नावच बघा, समुद्राला मर्यादा घालणारी. तुफानात लाट आधी टेकडीवर फुटते, मग घरापर्यंत येते. टेकडी काढली तर तिथे राहायला येणाऱ्याला आपण काय विकलं?" मग त्यांनी मदिनेची आठवण काढली. प्रेषितांनी (स.) मदिनेभोवतीचा प्रदेश हरम ठरवून तिथली झाडे तोडायला आणि शिकारीला मनाई केली होती. जमीन आपल्या नावावर असली तरी ती अमानत आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अम्मी म्हणाल्या, "ते खरं. पण भावजीच्या पोरीचं लग्न? अमानत तीपण आहे." यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

उत्तर त्याच आठवड्यात फोनवर निघाले. अब्बांनी सही केली नाही. निकाह मशिदीत साधेपणाने करायचा आणि खर्च सगळ्या भावंडांनी वाटून घ्यायचा ठरले. आम्हीही आमचा वाटा दिला. चाचा सुरुवातीला नाराज होते. लग्न अल्हम्दुलिल्लाह नीट पार पडले. जागेला अजून गिऱ्हाईक नाही. टेकडीसकट घेणारा भेटला तर विकू, नाहीतर राहू दे, असे आता चाचाच म्हणतात.

कोकणात किनाऱ्यालगत जागा असलेली आपली कितीतरी घरे आहेत. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांची गणना सर्वांत जपण्याच्या गटात केली आहे, हे व्यवहाराला बसण्याआधी ठाऊक असावे. केळशीला याकूब बाबांच्या दर्ग्याला जाणाऱ्यांनी तिथली वाळूची टेकडीही एकदा थांबून पाहावी. आणि आपल्या दारापुढे मर्यादवेल पसरलेली असेल, तर ती उपटण्याआधी तिने काय काय धरून ठेवले आहे ते बघावे.